दोऱ्याने बांधलेला युन्नानचा चहा : जुडी कापू नका

भाच्याने चीनच्या युन्नान प्रांतातल्या कुनमिंगहून आणलेल्या चहाच्या जुड्या आपण दूध, साखर आणि आले घालून उकळल्या, तरीही चहाला ना रंग आला ना चव, म्हणून उरलेल्या जुड्यांचे दोरे कापून पत्ती चुरावी का, असे आपण विचारले आहे. कृपया चुरू नका. चहा बहुधा उत्तम असावा; त्याला आपल्या रोजच्या पत्तीसारखे वागवले गेले, एवढेच.

आपल्याकडची पत्ती बहुतेक वेळा सीटीसी पद्धतीची, म्हणजे पान यंत्रात चिरडून आणि फाडून केलेल्या दाण्यांची असते. ती आधणात पडताच रंग आणि तुरटपणा सोडते आणि दुधालाही पुरून उरते. जुडीमध्ये कळी आणि तिच्याखालची कोवळी पाने अखंड ठेवून, सगळे कोंब एका दिशेने लावून सुती दोऱ्याने हाताने बांधलेले असतात, त्यामुळे गाभ्यापर्यंत पाणी पोहोचण्यासच काही मिनिटे जातात आणि तोवर दुधाने सारा सुगंध झाकलेला असतो.

आपण सांगितलेल्या सोनेरी टोकांवरून हा दियानहोंग वाटतो. ‘दियान’ हे युन्नानचे जुने नाव आणि ‘होंग’ म्हणजे लाल, कारण आपण ज्याला काळा चहा म्हणतो त्याला चिनी लोक पेल्यातल्या रंगावरून लाल चहा म्हणतात. फेंगछिंग भागात १९३९ च्या सुमारास तो तयार होऊ लागला, आणि त्याचे रुंद पान आसामच्या चहाच्याच जातकुळीचे आहे. चांगल्या दियानहोंगला मधासारखा, कधी भाजलेल्या रताळ्यासारखा गोडसर वास येतो, म्हणून साखरेची गरज मला तरी कधी वाटली नाही.

काचेचा उंच, जाड पेला गरम पाण्याने विसळून घ्यावा, त्यात एक जुडी ठेवावी आणि उकळी थांबून मिनिटभर झालेले पाणी सावकाश ओतावे. (कुनमिंग सुमारे १,९०० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळते; आपल्याला मात्र थांबावे लागते.) जुडीचे वजन एकदा काट्यावर पाहावे, सहा ग्रॅमची असेल तर २५० मिलिलिटर पाणी पुरते. चार मिनिटे ठेवून सगळा चहा दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावा, कारण पाने पाण्यात तशीच राहिली की तुरटपणा वाढत जातो. पहिला घोट सौम्य लागेल. त्याच जुडीवर पुन्हा ओतलेल्या दुसऱ्या पाण्यात मात्र ती पूर्ण फुललेली असते आणि माझ्या मते खरा चहा तोच, म्हणून त्याला तीनच मिनिटे द्यावीत, तिसऱ्याला पाच-सहा. चांगला कडक झालेला चहा गार होताना गढूळला तर दचकू नये, त्यातली द्रव्ये कॅफीनशी बांधली जाऊन तसे होते.

एक जुडी मात्र, कोरडीच, जरूर कापून पाहावी. बांधणीने चव वाढत नाही, उलट बाहेर देखणे कोंब लावून आत देठ आणि तुकडे दडवण्याची सोय त्यात असते. आतबाहेर पान सारखे असेल तर निश्चिंत राहावे. गाभ्याला कुबट वास आला, तर ती जुडी आतून नीट वाळलेली नव्हती असे समजावे आणि तो चहा पिऊ नये.