बुद्धिबळाचा अमेरिकन जगज्जेता बॉबी फिशर याला जवळून ओळखणाऱ्याने लिहिलेल्या आठवणींवर विश्वास ठेवावा का?

ठेवावा. डोळे झाकून नाही, पण लांबून लिहिणाऱ्या दहा जणांपेक्षा जास्त नक्कीच. त्याचे चरित्रकार फ्रँक ब्रॅडी फिशरला त्याच्या पोरवयापासून ओळखत होते. त्याचं पहिलं चरित्र त्यांनी १९६५ साली लिहिलं, तेव्हा फिशर बाविशीत होता. दुसरं आलं २०११ साली, तो गेल्यानंतर. तुमचं म्हणणं असं की ओळखीचा माणूस एकतर गोडवे गातो नाहीतर जुना राग काढतो. अगदी याच मुद्द्यावरून माझं आणि माझ्या चुलतभावाचं बोलणं बंद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. गावात बुद्धिबळ पारावर चालायचं, तेही देशी पद्धतीनं. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं, कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, नव्हतं, राजाला एकदाच घोड्याची चाल मिळायची. माझे काका त्यातच वाढले आणि मग आंतरराष्ट्रीय नियम एकट्यानं शिकले. पुढे जिल्ह्याच्या स्पर्धेत यवतमाळच्या वकील-प्राध्यापकांना हरवून आले. आमच्या घरात त्याआधी कोणी कशात पहिलं आलेलं नव्हतं.

१९७२ ला आइसलँडमध्ये रेक्याविकला फिशर आणि तेव्हाचा सोव्हिएत जगज्जेता स्पास्की यांचा जगज्जेतेपदाचा सामना झाला, तेव्हा मी शाळेत होतो. पेपर संध्याकाळच्या एस.टी.नं यायचा. काका कंदिलाजवळ पट मांडायचे, मी चाली वाचायचो. आमच्या पटातला काळा उंट हरवला होता, त्याच्या जागी दोऱ्याची रिकामी रीळ होती. पहिल्या डावात एकोणतिसाव्या चालीला फिशरनं उंटानं कडेचं प्यादं मारलं. काकांनी रीळ उचलली आणि ती हातातच राहिली. शेजारचं प्यादं एक घर सरकलं की उंटाची परतीची वाट बंद, हे मलाही दिसत होतं. काका म्हणाले, "एवढा मोठा माणूस उंट असा फुकट देईन काय? हे छापणाऱ्याची चुकी हाय." त्यांनी ती चाल मांडलीच नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फिशर हरल्याचं आलं, तेव्हा कुठे रीळ त्या घरात गेली. नंतर कितीतरी दिवस ते तीच स्थिती मांडून बसायचे.

दुसऱ्या डावाला फिशर आलाच नाही. कॅमेऱ्यांचा आवाज होतो म्हणून तिसरा डाव आतल्या खोलीत झाला. ०-२ वरून त्यानं सामना १२½-८½ असा जिंकला आणि पुढे १९७५ ला न खेळताच जगज्जेतेपद सोडलं. हे सगळं तुम्हाला माहीत असणारच.

मी कॉलेजात गेलो त्या सुमारास काकांचं बिघडत गेलं. बाहेरचा चहा बंद, कारण त्यात काहीतरी टाकतात. स्पर्धेत पंखा बंद करा म्हणायचे, तो मुद्दाम लावलाय म्हणून. मग रात्रीची झोप गेली. घरच्यांनी सगळे देव केले, डॉक्टर सोडून. आणि एका सुरात ठरवलं की बुद्धिबळानं डोकं फिरलं. पट कोठीत कुलूपबंद झाला. मी सुट्टीत गेलो की आम्ही पटाशिवाय खेळायचो, नुसत्या तोंडी चाली सांगून. तेवढा वेळ ते शांत असायचे, चहाही प्यायचे. डाव संपला की पुन्हा तेच सुरू. खेळानं माणूस वेडा होतो म्हणणाऱ्यांनी हे पाहिलेलं नसतं. आजार आधीपासून आत होता, खेळ त्याला धरून ठेवत होता. फिशर १९७२ नंतर वीस वर्षं जाहीर सामना खेळला नाही, आणि त्याच काळात तो कसा खचत गेला ते बघा.

काका गेल्यावर गावच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी मला लेख मागितला. मी स्पर्धा लिहिली, रीळ लिहिली आणि आजारही लिहिला. चुलतभाऊ अंगणात येऊन ओरडला, "घरची गोष्ट चव्हाट्यावर कायले नेली? आता आमच्या पोरीचं जमन काय?" त्याला लेखात काकांनी स्पर्धेत जिंकलेले कप तेवढे हवे होते. ज्यानं पटाला कुलूप लावलं, त्यानं मला आठवणींचा हक्क विचारावा, हे मला आजही पटत नाही. काकांच्या समोर मी बसत होतो. पोरींची लग्नं, म्हणाल तर, सगळी व्यवस्थित झाली.

म्हणून सांगतो, चरित्रकारानं वाईटही लिहिलंय का ते बघा. फिशरची आई ज्यू होती आणि तो आयुष्यभर ज्यूंविरुद्ध गरळ ओकत राहिला. २००१ च्या अमेरिकेवरच्या हल्ल्याचं त्यानं रेडिओवर स्वागत केलं. हे जो गाळतो, त्याचा एकही गोड किस्सा खरा धरू नका. ब्रॅडींनी गाळलेलं नाही. आणि फक्त हेच लिहून १९५६ ला तेराव्या वर्षी डोनाल्ड बर्न या अमेरिकन खेळाडूविरुद्ध वजीर देऊन जिंकलेला डाव जो दोन ओळींत उरकतो, तोही कामाचा नाही.

एक गोष्ट मात्र खरी. जवळचा माणूस जवळ होता तेवढ्याच वर्षांचा साक्षीदार असतो. ब्रुकलिनचा पोरगा ब्रॅडींनी स्वतः पाहिला. २००४ ला टोकियोच्या विमानतळावरची अटक, २००५ ला आइसलँडनं दिलेलं नागरिकत्व, तिथेच २००८ चा मृत्यू, इथे त्यांनाही कागदपत्रांवर आणि इतरांच्या सांगण्यावर अवलंबून राहावं लागलं. तो भाग वाचताना दुसरी दोन पुस्तकंही शेजारी ठेवा. काकांची शेवटची वर्षं मीही नोकरीमुळे पुण्यात होतो. ती वर्षं चुलतभावानं पाहिली आहेत, आणि ती त्यानं लिहावीत असं मी त्याला दोनदा निरोप धाडून कळवलंय.