‘विषय महासभेत घेतलाय’ म्हणजे नक्की काय झालं?

या महिन्यात तुमची जी पत्रं आलीत त्यातली निम्म्याहून जास्त महापालिकेच्या सभांबद्दल आहेत आणि ते साहजिकच आहे. ठाण्यात मार्च २०२२ पासून आणि नवी मुंबईत तर मे २०२० पासून प्रशासक (नगरसेवकांऐवजी कारभार बघणारे अधिकारी) होते, १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं तेव्हा कुठे ठाण्यात १३१ आणि नवी मुंबईत १११ नगरसेवक निवडून आले. मधल्या काळात जी मुलं अठरा वर्षांची झाली त्यांनी महासभा, म्हणजे महापालिकेच्या सगळ्या नगरसेवकांची सभा, हा शब्द फक्त आईबाबांच्या तोंडून ऐकलाय. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून याच पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न : ताई, आमच्या गल्लीतलं गटार दर पावसाळ्यात तुंबतं आणि तळमजल्याच्या घरात पाणी शिरतं. नगरसेवकांना भेटलो, ते म्हणाले काका काळजी करू नका, विषय महासभेत घेतलाय. पुढे काही कळलं नाही. आता मी कुणाला विचारू? – एक निवृत्त वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

काका, आधी त्यांना एवढंच विचारा की घेतलाय म्हणजे कसा घेतलाय. कारण ‘विषय घेतला’ याचे तीन-चार वेगवेगळे अर्थ होतात आणि प्रत्येकाचं वजन वेगळं असतं. एखाद्या विषयावर चर्चा चालू असताना उभं राहून आपल्या वॉर्डाचं गाऱ्हाणं मांडलं, तरी तो विषय घेतलाच म्हणतात. लेखी प्रश्न विचारला, त्याला सात दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि प्रशासनाला उत्तर द्यावं लागतं. लक्षवेधी लावली, म्हणजे एखाद्या प्रश्नाकडे लक्ष वेधणारी सूचना दिली. किंवा सरळ प्रस्ताव दिला, त्याला सूचक (मांडणारा) लागतो, अनुमोदक (पाठिंबा देणारा) लागतो आणि मंजूर झाला की त्याला ठराव क्रमांक पडतो. हा क्रमांक मागा. क्रमांक आणि तारीख असली की पुढची विचारपूस करायला हातात काहीतरी धरायला मिळतं, नाहीतर नुसतं ‘साहेबांना सांगितलंय’ एवढंच उरतं.

दुसरं म्हणजे, एका गल्लीचं गटार ही मुळात महासभेची गोष्टच नाही. महासभेत बजेट येतं, कर आणि दर येतात, प्लॉटचं आरक्षण (जागा कशासाठी राखून ठेवलीय ते) बदलायचे प्रस्ताव येतात, रस्त्या-चौकांची नावं येतात, मोठी धोरणं येतात. तुमच्या गटाराचा रस्ता वेगळा आहे. प्रभाग समितीच्या ऑफिसात जा, तिथले कनिष्ठ अभियंता जागा बघतात, अंदाजपत्रक करतात, मग त्याला बजेटमधलं लेखाशीर्ष, म्हणजे पैशाचा कप्पा, आहे का बघतात, मग प्रशासकीय मंजुरी, मग निविदा, रक्कम मोठी असेल तर स्थायी समिती (खर्चाला मंजुरी देणारी नगरसेवकांची समिती) आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे कंत्राटदाराला काम सुरू करायचं पत्र. यातलं कुठल्याही पायरीवर अडू शकतं आणि बहुतेक वेळा लेखाशीर्षावर अडतं, म्हणजे काम सगळ्यांना पटलेलं असतं पण त्यासाठी पैसा ठेवलेलाच नसतो. म्हणून नगरसेवकांना सांगायचं असेल तर बजेटच्या आधी सांगावं, एप्रिल उजाडल्यावर नाही. प्रभाग समिती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९-अ खाली आहे आणि पाणी, गटार, साफसफाई यांच्या तक्रारी लवकर मिटवणं हे तिचं कामच आहे.

आणि काका, ठराव क्रमांक मिळाला तरी त्याखालची शेवटची ओळ नीट वाचा. मंजूर, फेटाळला, तहकूब, परत पाठवला, हे सगळे शब्द कळतात. एक शब्द मात्र फसवतो, तो म्हणजे ‘दफ्तरी दाखल’. माझ्या एका मैत्रिणीने तिच्या भागात मुलांसाठी अभ्यासिका व्हावी म्हणून वर्षभर पत्रं दिली होती (महापालिका कुठली ते नाव नको), एक दिवस तिला फोन आला की तुमचा विषय दफ्तरी दाखल झाला, तिने बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. दाखल झाला म्हणजे स्वीकारला असं तिला वाटलं. प्रत्यक्षात दफ्तरी दाखल म्हणजे फाईल बंद, पुढे काहीही करायचं नाही. तिला ते कळलं तेव्हा चार महिने गेले होते. मला ती गोष्ट अजून लागते, कारण कुणी खोटं बोललं नव्हतं, फक्त तिला समजेल अशा भाषेत कुणी सांगितलं नव्हतं.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे तिघं मित्र. महासभा आत बसून बघता येते का, का फक्त पत्रकारांना सोडतात? – ऐरोली

येते, आणि जाच. कायद्याप्रमाणे सभा लोकांना खुली असते, एखादा विषय बंद दाराआड घ्यायचा असेल तर तसा निर्णय उपस्थित नगरसेवकांनी बहुमताने करावा लागतो. बेलापूरला मुख्यालयात सभेच्या आधी एक-दोन दिवस सचिव विभागात विचारून ठेवा की पास लागतो का, ओळखपत्र बरोबर ठेवा. प्रेक्षक गॅलरीत बसून बोलायचं नाही, घोषणा नाहीत, गोंधळ केला तर पीठासीन अधिकारी (सभा चालवणारे) बाहेर काढू शकतात.

पण जायच्या आधी विषयपत्रिका (सभेतल्या विषयांची छापील यादी) मिळवा आणि त्याबरोबरचे गोषवारे वाचा, नाहीतर काही समजणार नाही. आत सगळं भराभर चालतं, ‘विषय क्रमांक अमुक, मंजूर, मंजूर’ असं, आणि एका मिनिटात तीन विषय होऊन जातात, बघणाऱ्याला वाटतं की चर्चा झालीच नाही. गोषवारा म्हणजे प्रशासनाने लिहिलेली त्या विषयाची टिपणी असते, काय करायचंय, का, किती पैसे, कुठल्या कलमाखाली. खरा विषय त्या दोन-चार पानांत असतो. त्यात प्रत्येक वेळी खर्चाचा आकडा, लेखाशीर्ष आणि कलम या तीन गोष्टींखाली रेघ मारा. कुठे ‘प्रकरण ५ (२) (२)’ असं दिसलं तर थांबून वाचा, ते निविदा न मागवता काम द्यायच्या परवानगीबद्दल असतं. कधीकधी खरंच तातडी असते, पूर, साथ वगैरे, पण कारण दिलंय का आणि ते पटतंय का हे बघायलाच पाहिजे.

स्वीकृत (निवडून न येता नेमलेले) नगरसेवक बोलताना दिसतील, त्यांना बोलता येतं पण मत देता येत नाही, एवढं लक्षात ठेवा म्हणजे मतदानाच्या वेळी गोंधळ होणार नाही.

प्रश्न : पेपरात वाचलं की शोकप्रस्ताव झाला आणि सभा तहकूब. मग आमच्या विषयाचं काय, तो रद्द झाला का? आणि दर महिन्याला सभा घ्यायचं बंधन असतं का? – वागळे इस्टेट

रद्द नाही. तहकूब म्हणजे पुढच्या तारखेला तीच सभा, तीच विषयपत्रिका, जिथे थांबलं तिथून पुढे. म्हणून तहकूब सभेला नव्याने सात दिवसांची नोटीसही लागत नाही आणि इथेच लोक चुकतात, नवीन नोटीस येईल म्हणून वाट बघत बसतात आणि सभा होऊन जाते. पुढची तारीख त्याच दिवशी सचिव विभागातून विचारून घ्या.

महिन्यातून किमान एक सर्वसाधारण सभा व्हायलाच पाहिजे आणि ती २० तारखेच्या आत, असं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या अनुसूची ‘ड’ मध्ये आहे. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एक तृतीयांशाचा आहे, ठाण्याचे १३१ धरले तर ४४ जण. तेवढे नाहीत हे लक्षात आणून दिलं तर सभा तहकूब करावी लागते. आपला नगरसेवक बसलेला असतो का, का सही करून निघून जातो, हे गॅलरीतून दिसतं.

प्रश्न : ऐनवेळचा विषय म्हणजे काय हो? – कळवा

जो विषयपत्रिकेत छापलेला नव्हता आणि सभेतच आणला तो. नियम असा की नोटिशीत नसलेला विषय सभेत घ्यायचा नाही, तातडीच्या कामाला अपवाद आहे. मला या अपवादाची काळजी वाटते, कारण जो विषय आधी कुणी वाचलेलाच नाही त्यावर ना नगरसेवक तयारी करून येतो ना आपण त्याला आधी जाऊन काही सांगू शकतो. म्हणून सभेनंतर इतिवृत्त, म्हणजे सभेत काय झालं त्याची लेखी नोंद, मागा. पुढच्या सभेत ते कायम करायला येतं, त्याआधी ऐनवेळचे विषय कुठले होते ते बघा. मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानाला २ रुपये, आणि उत्तर ३० दिवसांत. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका, सभेची तारीख टाका आणि ‘ऐनवेळी मंजूर झालेल्या विषयांच्या ठरावांच्या प्रती’ असं स्पष्ट लिहा.

प्रश्न : विषयपत्रिकेत आमच्या सेक्टरमधल्या मैदानाच्या प्लॉटपुढे ‘कलम ३७ अन्वये फेरबदल’ असं लिहिलेलं दिसलं. सोसायटीत कुणालाच अर्थ माहिती नाही. घाबरायचं का? – नेरूळ

ताई, तुम्ही विषयपत्रिका वाचलीत याचा मला फार आनंद झाला. कलम ३७ हे १९६६ च्या नगररचना कायद्यातलं, मंजूर विकास आराखड्यात बदल करायचं, म्हणजे प्लॉटचं आरक्षण बदलण्याचा प्रस्ताव असावा. मैदानाचं काही दुसरं होणार की दुसऱ्या कशाचं मैदान होणार हे गोषवारा वाचल्याशिवाय कळणार नाही, त्यामुळे आज तो मिळवा.

महासभेत मंजूर झाला तरी काम तिथे संपत नाही. नंतर राजपत्रात नोटीस निघते, हरकती-सूचना मागवतात, त्याला एक महिन्याची मुदत असते, मग सुनावणी, आणि शेवटची मंजुरी राज्य सरकारची. तुमचा महिना तो. सोसायटीचं एक पत्र द्या आणि घरटी वेगळी पत्रंही द्या, प्रत्येकावर प्लॉट नंबर, सेक्टर आणि मैदान आज कोण वापरतं ते लिहा, शाळेची मुलं, संध्याकाळी चालणारे ज्येष्ठ, गणपतीचा मांडव, जे खरं असेल ते. आवक विभागाचा शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्या, सुनावणीचं बोलावणं आलं की दोघी-तिघी स्वतः जा. आणि महासभेच्या आधी तुमच्या प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना भेटा, एकालाच नको, नवी मुंबईत आता बहुतेक प्रभागांत चार-चार आहेत.