पठारावर एवढा वारा, मग पवनचक्की बंद का?

प्रश्न : आमची जमीन साताऱ्याच्या पश्चिमेला, पठारावर आहे. वाऱ्याने घराचे पत्रे उडतात. तरी पवनचक्कीची जागा ठरवण्याआधी वर्षभर वारा मोजायचा म्हणतात. एवढी गरज आहे का?

उत्तर : आहे, आणि वर्ष पुरं होऊ द्या. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. सेकंदाला ६ मीटरचा वारा ७ मीटर झाला, की ऊर्जा जवळजवळ ५९ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे मोजणीत जरा चूक झाली तरी उत्पन्नाचा हिशेब पार बिघडतो. पत्रे उडवणारा वारा वर्षात थोडेच तास असतो. जून ते ऑगस्टमधले नैर्ऋत्येचे वारे भरघोस वीज देतात. बाकीचे महिने कसे जातात तेही कळायला हवं.

कड्याच्या धारेवर यंत्र उभं करू देऊ नका. दरीतून चढणारा वारा तिथे उसळतो आणि मागे भोवरे करतो. पातं वर असताना वाऱ्याचा वेग एक, खाली आल्यावर दुसरा. हा हिसका प्रत्येक फेऱ्याला पात्याच्या मुळाला, बेअरिंगला आणि गिअरबॉक्सला बसतो. म्हणून मोजणीच्या मनोऱ्यावर वेगमापक तीन-चार उंचींवर हवेत. शिवाय १,१०० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १० टक्के विरळ असते. कोणत्या वाऱ्याला किती वीज मिळेल, तो उत्पादनाचा आलेख त्या विरळ हवेसाठी काढलाय ना, हे विचारून घ्या.

प्रश्न : वरची लाइन गेली की वारा असूनही पवनचक्क्या थांबतात. त्यांची वीज तेवढ्यापुरती गावाला का देत नाहीत?

उत्तर : जुन्या यंत्रांतल्या इंडक्शन जनित्राला चुंबकत्वासाठी ग्रिडकडूनच, म्हणजे विजेच्या मोठ्या जाळ्याकडूनच, वीज घ्यावी लागते. लाइन तुटली की जनित्राचा विरोध संपतो, पाती बेफाम फिरू लागतील, म्हणून ब्रेक लागतात. त्याच क्षणी चुंबकत्वाला हातभार लावणारे कपॅसिटरही सुटले पाहिजेत. ते जोडलेले राहिले तर जनित्र ग्रिडशिवायच चुंबकत्व मिळवून, म्हणजे स्वतःच उत्तेजित होऊन, व्होल्टेज भलतंच चढवतं आणि आसपासची उपकरणं जळतात. नव्या यंत्रांतले, वीज ग्रिडजोगी करून देणारे कन्व्हर्टरही सहसा ग्रिडच्या ५० हर्ट्‌झचाच ताल धरून चालतात. आणि बंद समजून लाइनवर चढलेल्या वायरमनचा जीव सगळ्यात आधी.

याउलट, लाइनवरच्या क्षणभराच्या दोषाने यंत्रं ग्रिडपासून सुटता कामा नयेत. शेकडो यंत्रं एकदम गेली तर ग्रिडला अचानक तूट पडते. म्हणून ६६ केव्ही (६६ हजार व्होल्ट) आणि त्यावरच्या जोडणीला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम आहे : व्होल्टेज नेहमीच्या १५ टक्क्यांवर उतरलं तरी यंत्राने ०.३ सेकंद जोडलेलं राहायचं.

प्रश्न : घरापासून किती अंतर हवं?

उत्तर : केंद्राच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत आवाजासाठी ५०० मीटर सांगितलंय. रस्त्यापासूनचं अंतर म्हणजे मनोऱ्याची उंची, पात्यांच्या चक्राचा अर्धा व्यास आणि वर ५ मीटर : १०० मीटर मनोरा आणि १२० मीटर चक्र असेल तर १६५ मीटर. करारावर सही करण्याआधी शेतात स्वतः टेप धरून मोजा.