लांब दांडी, आखूड दांडी

कोल्हापूर

प्रिय मुली,

तुझा निरोप काल रात्री वाचला. "ताई, जीभ टोचून घ्यायचं ठरवलंय. तू टोचली होतीस ना? किती दुखतं तेवढंच सांग." सांगते. जेवताना चुकून जीभ जोरात चावली जाते ना, साधारण तसं दुखतं. डोळ्यांत पाणी येतं, दोन सेकंदांत सुई पार होते. पण पुढच्या सहा ते आठ आठवड्यांबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, आणि माझं नुकसान त्यातच झालं. म्हणून हे पत्र लांबणार आहे, सगळं वाच.

मी टोचून घेतलं तेव्हा बावीस वर्षांची होते. ज्यानं टोचलं त्यानं लांब दांडी, म्हणजे दोन्ही टोकांना मणी असलेली धातूची काडी, घातली, "महिनाभर तिखट खाऊ नका" म्हणाला आणि पैसे घेतले. लांब दांडी घातली ते बरोबरच होतं. ती पुढे बदलायची असते, हे मात्र त्यानं सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. अकरा महिने तीच दांडी तोंडात होती. नुसतं बसलं की दातांमागे खालचा मणी घासत राहायचा, अभ्यास करताना मी तो दातांत धरून खेळायचे. एका संध्याकाळी रंकाळ्यावर कणीस खात होते. डाव्या खालच्या दाढेखाली काहीतरी टणक आलं आणि कटकन आवाज झाला. कडक दाणा असेल म्हणून तळहातावर थुंकले, तर दाण्यांच्या चोथ्यात दाढेचा पांढरा टवका होता. दुसऱ्या दिवशी दंतवैद्यांनी छोटा आरसा आत घालून मला खालच्या पुढच्या दातांची मागची बाजू दाखवली. मणी जिथे टेकायचा तिथली हिरडी खाली सरकली होती आणि दाताचं मूळ दिसत होतं. दाढेवर टोपी बसली. हिरडी सरकली की आपोआप परत वर येत नाही.

आता मी दातांच्याच दवाखान्यात काम करते, त्यामुळे हे माझ्या एकटीच्या नशिबाचं नव्हतं हे कळलं. जीभ टोचलेल्या 52 जणांचे दात तपासून केलेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षं किंवा जास्त काळ लांब दांडी वापरणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या हिरड्या आतून सरकलेल्या होत्या. ज्यांनी चार वर्षं किंवा जास्त काळ दांडी वापरली होती, त्यांच्यातल्या 47 टक्क्यांच्या दाढांचे नाहीतर उपदाढांचे टवके उडाले होते. म्हणजे दांडी किती लांब आणि किती वर्षं, यावर सगळं आहे.

आधी लांब का घालतात ते समजून घे. टोचल्यावर तीन ते पाच दिवस जीभ सुजते, आणि चांगली सुजते. दांडी आखूड असेल तर मणी मांसात रुततो. म्हणून पहिली दांडी साधारण 18 ते 22 मिलिमीटरची असते. सूज उतरली की तीच दांडी जास्तीची होते. मग दोन ते चार आठवड्यांत परत जाऊन 14-16 मिलिमीटरची, तुझ्या जिभेच्या जाडीप्रमाणे, बसवून घ्यायची. घरी स्वतः बदलू नकोस. ताजं छिद्र फार लवकर मिटतं, मग परत घालताना जखम होते. टोचायला जाशील त्याच दिवशी विचार, "बदलायला कधी येऊ?" समोरच्याला हा प्रश्न नवा वाटला तर तिथून उठून ये.

जागा निवडताना घाई करू नकोस. सोनारानंच कान टोचावेत असं आपण म्हणतो, आणि गुजरीत माझे कान सोनारानंच टोचले होते. जीभ मात्र त्याचं काम नाही. कानाच्या पाळीत मोठी शीर नसते. तू आरशासमोर उभी राहून जीभ वर उचल. खाली दोन्ही बाजूंना निळ्या शिरा दिसतील आणि मध्ये ताणलेला पडदा. टोचणाऱ्याला बॅटरी धरून ते बघता आलं पाहिजे, मधोमध पेनानं खूण करून तुला ती आरशात दाखवता आली पाहिजे. कान टोचायची बंदूक असेल तिथे थांबूच नको. सुई एकदाच वापरायची, पाकीट तुझ्यासमोर फोडलेलं हवं. आमच्या दवाखान्यात अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रात, 121 अंशांवर वाफवतात, आणि पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलला तरच ते वापरतात. तीच खूण तू बघायला माग. दांडी इम्प्लांट दर्जाच्या टायटॅनियमची घे, स्वस्त धातूतल्या निकेलनं काहींना ॲलर्जी होते. कोल्हापुरात मनासारखी जागा नाही मिळाली तर पुण्याचं तिकीट काढ. गेलेला एक दिवस परवडेल. आणि टोकाला आडवं टोचून दोन डोळ्यांसारखे मणी घालतात, ते करू नकोस. जिभेचे स्नायू एकमेकांना बांधले जातात, दातही लवकर जातात.

रक्त पातळ करायच्या गोळ्या, आटोक्यात नसलेली रक्तातली साखर, जन्मापासूनचं हृदयाचं दुखणं, यांतलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचार. हेपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत का, तेही तपासून घे.

आता घरचं. "आईला सांगू नकोस" असं तू लिहिलंयस. मीही सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी रविवार होता. ताटात मटण, वाटीत तांबडा रस्सा. पहिला घोट घेतला आणि जीभ पेटली, ताटावरून उठले. आई मागोमाग मोरीपाशी आली, माझी हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं. खूप रागावली. पण संध्याकाळी माझ्यापुढे गुरगुट्या भात आणि गार दही होतं. तोंडातली गोष्ट जेवणाऱ्या घरात लपत नाही, म्हणून आईला आधी सांग. माझं ऐकशील तर श्रावणाच्या सुरुवातीला कर. घरात मटण-रस्सा नसतो, आणि गणपतीपर्यंत चार आठवडे मिळतात.

दुसरा आणि तिसरा दिवस सगळ्यात जड. जीभ दातांमध्ये मावत नाही, बोबडं बोलणं होतं. आपल्या भाषेत तर जास्तच, कारण ट, ड, ण, ळ सगळ्याला जीभ मागे वळवावी लागते. मी चार दिवस "रंकाळा" म्हणू शकत नव्हते. कॉलेजमध्ये तोंडी परीक्षा असेल तर तो आठवडा टाळ. बर्फाचे बारीक तुकडे चघळ, उशी उंच घे. दुखलं तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन नको, रक्त वाहतं.

जेवण गार आणि मऊ ठेव. गुरगुट्या भात, वरण, दही, शिकरण. पांढरा रस्सा सौम्य म्हणून कुणी आग्रह करेल, त्यातही मिरे आहेत आणि तो गरम असतो. भाकरी, चिवडा, मिसळ नंतर. गंगावेशीतलं धारोष्ण दूध मला फार आवडतं, पण कच्चं दूध जखम असेपर्यंत नको. चमचा आडवा आत ने, घास थेट दाढेवर ठेव आणि सावकाश खा. पहिल्या दिवसांत घाईत मणी चावला जातो.

प्रत्येक जेवणानंतर आणि झोपताना खारं पाणी. पेलाभर, म्हणजे साधारण 250 मिलिलिटर, उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा पाव चमचा मीठ, अर्धा मिनिट तोंडात फिरवून टाकायचं. मीठ वाढवलं तर जखम भाजते. माउथवॉश घेतलास तर अल्कोहोल नसलेला, तोही दिवसातून दोनदा पुरे. ब्रश नवा, मऊ. मण्यांची फिरकी रोज सकाळी स्वच्छ हातांनी घट्ट कर, एरवी बोट लावू नको. आजी हळद भरायला सांगेल. प्रेमानं नाही म्हण. सिगारेट, मावा, दारू आणि चुंबन जखम भरेपर्यंत बंद. रंकाळ्यात, पंचगंगेत पोहणंही बंद.

दांडीवर पांढरट-पिवळट पातळ स्राव दिसेल, जीभही पांढरी होईल. त्याला घाबरून मला मध्यरात्री फोटो पाठवायची गरज नाही, तसं होतंच. घट्ट हिरवट पू, ताप, पाचव्या दिवसानंतर वाढणारी सूज हे मात्र होत नसतं, त्याला डॉक्टरच हवेत. दांडी स्वतः काढू नको, छिद्र मिटलं तर पू आत कोंडतो. आणि जिभेखालचा मऊ भाग फळीसारखा कडक लागला, हनुवटीखाली सूज आली, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड गेलं, किंवा वीस मिनिटं गॉज दाबूनही रक्त थांबलं नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. कितीही वाजले असू देत, सरळ सीपीआर, म्हणजे आपलं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, गाठायचं. वाटेत मला फोन कर, मी तिथे पोचते.

मी माझी दांडी त्या टवक्यानंतर काढून टाकली. छिद्राच्या जागी एक बारीक खळगा राहिलाय, जीभ टाळूला लावली की जाणवतो. टोचल्याचा पश्चात्ताप मला कधी झाला नाही. ते अकरा महिने मात्र अजून सलतात. तुझी तारीख ठरली की कळव. त्या तारखेपासून तिसऱ्या आठवड्यातला बुधवार मी आत्ताच मोकळा ठेवते, दांडी बदलायला आपण दोघी जाऊ.

तुझी,
ताई

ता. क. तुमच्या मंडळाच्या रक्तदान शिबिरात दरवर्षी तुझं नाव असतं. टोचल्यावर बारा महिने रक्त देता येत नाही. या वेळचं शिबिर जवळ आलं असेल तर आधी रक्त देऊन घे, मग टोच.