फिनास्टेराइडने खरंच लैंगिक त्रास होतो, की ते मनाचे खेळ असतात?

‘मनाचे खेळ’ वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या दादाचे शब्द आहेत हे.

एकतिसाव्या वर्षी मी केसगळतीसाठी फिनास्टेराइडची रोज १ मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. पाच-सहा महिन्यांत केस गळायचे थांबले, आरशात बघायला बरं वाटू लागलं. ताठरता कमी झाल्याचं उशिरा कळलं, कारण त्याआधी इच्छाच गेली होती. बायको जवळ आली की मला उद्याची कामं आठवायची. तिला वाटलं, माझं बाहेर काही चाललंय. भांडली असती तर परवडलं असतं. ती गप्प झाली. आणि मला त्याचंही काही वाटेना. रडू नाही, राग नाही, सगळं नुसतं बेचव. शेवटी गोळीच्या खोक्यातला कागद उलगडून वाचला तो तिनेच.

दादा म्हणाला, वाचलंस म्हणून झालं. त्याचा हुकमी एक्का म्हणजे २००७ चा एक अभ्यास: प्रोस्टेटच्या ज्या रुग्णांना याच औषधाच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीचे लैंगिक दुष्परिणाम आधी सांगितले, त्यांच्यात सुमारे ४४ टक्क्यांनी तक्रार केली, न सांगितलेल्यांत १५ टक्क्यांनी. अरे, पण मी वाचलंच नव्हतं! आणि त्या न सांगितलेल्या १५ टक्क्यांचं काय? रक्तातलं डीएचटी हे पुरुषी संप्रेरक जवळपास दोन तृतीयांश उतरवणारी गोळी फक्त टाळूपुरती काम करेल असं कुणी सांगितलं? मनाचं म्हणशील तर आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये मान्य केलंय. याला खेळ म्हणायचं?

आता तुमचं. १ मिलिग्रॅमच्या मूळ चाचण्यांत लैंगिक तक्रारी ३.८ टक्के होत्या, औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांत २.१. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही, हे मलाही मान्य आहे. माझं गोळी सोडल्यावर तीनेक महिन्यांत पूर्ववत झालं. काहींचं सोडल्यावरही राहतं, अमेरिकेतल्या माहितीपत्रकात तसं २०१२ पासून लिहिलेलं आहे. आधी कधी नैराश्य आलं असेल तर डॉक्टरांना ते पहिल्यांदा सांगा. त्रास झाला म्हणून ड्युटास्टेराइड या त्याच जातीच्या दुसऱ्या औषधाकडे तर मुळीच वळू नका, ते शरीरात कित्येक महिने रेंगाळतं. आणि घरात एकाला तरी आधीच सांगून ठेवा, कारण बदल तुमच्या स्वतःच्या लक्षात येईलच असं नाही.

दादा स्वतः चार वर्षं हीच गोळी घेतोय. त्याला काहीही झालेलं नाही, तेवढंच त्याचं म्हणणं.