‘विल’ आणि ‘गोइंग टू’ यांत फरक काय? दोन्ही भविष्यकाळच ना?

‘विल म्हणजे भविष्यकाळ’ हे समीकरण आधी डोक्यातून काढा. मराठीत धातूलाच प्रत्यय लागून ‘करेन, करशील’ होतं. इंग्रजी क्रियापदाला भविष्याचं असं रूपच नाही. ‘विल’ हे ‘कॅन’, ‘मस्ट’च्या पंगतीतलं. दार वाजलं की ‘दॅटल बी द पोस्टमन’ म्हणतात, तेव्हा पोस्टमन आत्ताच दारात उभा असतो. आपणही ‘पोस्टमन असेल’ म्हणतोच की.

तरी बारा काळांचे तक्ते घोकून घेणं काही थांबत नाही. वर ‘आय, वीला शॅल, बाकीच्यांना विल’ आहेच. हा नियम जॉन वॉलिस नावाच्या गणितज्ञाने १६५३ साली मांडला, तोही लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात! त्यात पुढे असंही होतं की ‘आय विल’ म्हटलं तर ते वचन किंवा धमकी. तो अर्धा भाग वर्गात कुणी सांगत नाही. आजच्या बोलण्यात ‘शॅल’ उरलाय तो मुख्यतः ‘शॅल वी गो?’सारख्या प्रश्नांत.

आता मराठी माणूस कुठे अडकतो ते बघा. फोन वाजला की आपण ‘मी घेतो’ म्हणतो, म्हणजे साधा वर्तमानकाळ. तोच उचलून ‘आय टेक’ म्हटलं की फसलं. त्या क्षणी ठरवलेल्या गोष्टीला ‘आयल गेट इट’ लागतं. ‘आयम गोइंग टू गेट इट’ म्हणजे आधीच ठरलं होतं. उलट, पोर कठड्यावर चढलं की आपण ‘पडशील!’ म्हणून ओरडतो. तिथे ‘यूल फॉल’पेक्षा ‘यूअर गोइंग टू फॉल!’ बरोबर, कारण लक्षण डोळ्यांसमोर आहे. ढग दाटून आलेत, तेव्हाही ‘इट्स गोइंग टू रेन’.

दुसऱ्याशी बोलून, वेळ घेऊन ठरलेलं असेल तर ‘आयम सीइंग द डेंटिस्ट टुमॉरो’. वेळापत्रकातलं असेल तर सरळ ‘द ट्रेन लीव्हज ॲट सेव्हन’.

सगळ्यात हट्टी चूक म्हणजे ‘व्हेन आय विल रीच, आय विल कॉल’. ‘पोचेन तेव्हा फोन करेन’ची ही थेट नक्कल. ‘व्हेन’, ‘आफ्टर’, ‘अंटिल’ने सुरू होणाऱ्या अशा वाक्यांशात ‘विल’ घालू नका: ‘व्हेन आय रीच, आयल कॉल’. ‘इफ’चंही तेच, फक्त ‘इफ यू विल वेट हिअर’ अशी विनंती चालते, कारण तिथे ‘विल’ म्हणजे तयारी.

हो, परीक्षेत तक्ता विचारला तर तक्ताच लिहा. आणि करारात ‘शॅल’ दिसला तर तो सहसा बंधन सांगतो, भविष्य नाही.