पाण्याखालची जुनी तेलवाहिनी बंद करावी का?

प्रश्न : सर, नमस्कार. माझा मुलगा बेळगावात इंजिनिअर झाला आणि आता अमेरिकेत मिशिगनला मोटारींच्या कंपनीत आहे. तिकडं ‘लाइन ५’ नावाच्या तेलाच्या पाइपलाइनवरून मोठा वाद चाललाय. सून म्हणते, ती बंदच झाली पाहिजे. मुलगा म्हणतो, सत्तर वर्षं तळ्याखाली काही झालं नाही, आता काय होणार? आणि बंद केली तर थंडीत लोकांनी घरं कशानं गरम करायची? फोनवर दोघंही मला पंच करतात. तुमची सगळी नोकरी पाइपलाइनवर गेली, असं याच सदरात वाचलं होतं, म्हणून विचारते.
— एक निवृत्त शिक्षिका, खानापूर

उत्तर : बाई, मी तुमच्या सुनेच्या बाजूचा आहे. पण मुलाचा दुसरा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय सुनेची बाजू पुरी होत नाही.

ही वाहिनी १९५३ सालची. विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर गावातून निघते, मिशिगन ओलांडते आणि कॅनडातल्या सार्नियाला पोचते. लांबी साधारण १,०३८ किलोमीटर. हलकं कच्चं तेल आणि ज्यापासून प्रोपेन काढतात ते द्रवरूप वायू मिळून दिवसाला ५ लाख ४० हजार पिंपांपर्यंत माल तिच्यातून जातो. मिशिगन आणि ह्यूरॉन ही दोन महासरोवरं जिथं जोडली जातात, त्या मॅकिनॉच्या सामुद्रधुनीत तिचे दोन फाटे होतात. २० इंच व्यासाच्या दोन नळ्या सुमारे सात किलोमीटर तळाशी पडलेल्या आहेत. काही ठिकाणी त्या तळाला टेकलेल्याही नाहीत, आधारांवर उचललेल्या आहेत. जगाच्या पृष्ठभागावरल्या गोड्या पाण्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्या पाच सरोवरांत आहे.

सत्तर वर्षं काही झालं नाही, हे पाण्याखालच्या तुकड्यापुरतं खरं आहे. जमिनीवर हीच वाहिनी अनेकदा गळलेली आहे. पण वाहिनी म्हातारी झाली म्हणून बंद करा, असं मी म्हणणार नाही. मी गुजरातेत आयुष्यभर गंजविरोधाचं काम केलं, म्हणजे नळीला बारीकशी वीज देऊन पोलाद गंजू न देण्याचं. हातात मीटर आणि कॉपर सल्फेटचा इलेक्ट्रोड घेऊन लाइनीच्या कडेनं चालायचं आणि नळीचा विद्युत्‌दाब उणे ८५० मिलिव्होल्टपेक्षा ढळला नाही ना, ते पाहायचं. कोटिंग शाबूत असेल आणि हा आकडा जागेवर असेल, तर पोलाद फार वर्षं टिकतं. जुनी पण नीट राखलेली लाइन मी पाहिली आहे, आणि नवी असून सडलेलीही पाहिली आहे.

मला भीती वाटते ती जागेची. २०१८ च्या एप्रिलमध्ये एका जहाजाचा नांगर त्या सामुद्रधुनीत तळावरून ओढला गेला. शेजारच्या विजेच्या केबली तुटून त्यांतलं तेल पाण्यात गेलं, आणि लाइन ५ च्या नळ्यांना पोचे पडले. नळी फुटली नाही, ती थोडक्यात वाचली. दोन वर्षांनी नळीचा एक आधार निखळलेला सापडला आणि कोर्टानं काही काळ वाहतूक थांबवली. नांगराला कोटिंग अडवत नाही की मिलिव्होल्ट अडवत नाहीत. शिवाय तिथल्या पाण्याला दोन्ही दिशांनी ओढ असते, आणि हिवाळ्यात वरचं पाणी गोठतं. बर्फाखाली पसरलेलं तेल गोळा करण्याची पुरेशी तयारी आपल्याकडं नाही, असं अमेरिकी तटरक्षक दलाच्या तेव्हाच्या प्रमुखांनीच २०१७ मध्ये तिथल्या संसदेसमोर सांगितलं होतं.

कंपनी म्हणते, गळती झालीच तर आम्हाला लगेच कळेल, व्हॉल्व्ह मिनिटांत बंद होतील. मुलाला माझ्या वतीनं सांगा की त्यानं मार्शल गावचा इतिहास वाचावा. ते गाव त्याच्याच राज्यात आहे आणि तिथली लाइन ६बी एनब्रिज या याच कंपनीची होती.

२५ जुलै २०१० चा रविवार होता. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ती ३० इंची वाहिनी दोन मीटर लांब उकलली. कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजले. तिथल्या लोकांनी समजून घेतलं की लाइनीत पोकळी तयार झाली असेल, म्हणजे तेलाचा सलग प्रवाह तुटून मध्ये वाफ धरली असेल. असं प्रत्यक्षात होतं, आणि त्याचा अलार्म गळतीच्या अलार्मासारखाच दिसतो. उपाय म्हणून त्यांनी पंप पुन्हा सुरू केले. एकदा नाही, दोनदा. पुढं चौकशीत निघालं की सांडलेल्या तेलापैकी ८० टक्क्यांहून जास्त तेल त्या दोन वेळच्या पंपिंगमध्ये बाहेर पडलं. मधल्या काळात, रात्री साडेनऊच्या सुमाराला, गावकरी वास येतोय म्हणून फोन करत होते. अग्निशामक दलाची माणसं फिरली, त्यांना काही सापडलं नाही. सतरा तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजून गेल्यावर, दुसऱ्याच एका गॅस कंपनीच्या कामगारानं कळवलं की ओढ्यात तेल आहे. तेव्हा कुठं व्हॉल्व्ह बंद झाले. तोवर सरकारी चौकशीच्या हिशेबानं ३० लाख लिटरांहून अधिक तेल कालामाझू नदीकडं गेलं होतं. ते जड तेल होतं, बरंचसं तळाशी बसलं. नदीचा तळ उपसण्यात वर्षं गेली आणि खर्च १०० कोटी डॉलरच्या वर गेला.

मला यातली सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट वेगळी आहे. जिथं नळी फुटली, तिथं भेगेसारखे दोष आहेत असं २००५ च्या तपासणीत दिसलं होतं. नळीच्या आतून यंत्र सोडून ती तपासणी करतात, आम्ही त्याला पिगिंग म्हणतो. यंत्रानं आपलं काम केलं. पुढं माती उकरून नळी डोळ्यांनी बघायची असते, ते झालं नाही. म्हणून ‘आमच्याकडं अत्याधुनिक यंत्रणा आहे’ एवढ्या वाक्यावर माझं समाधान होत नाही. दोष दिसल्यावर किती दिवसांत खड्डा खणला, ते मी विचारतो.

आता कायद्याची बाजू थोडक्यात. नोव्हेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी सामुद्रधुनीतून नळ्या नेण्याची १९५३ ची परवानगी रद्द केली आणि मे २०२१ ची मुदत दिली. कंपनीनं वाहिनी चालूच ठेवली. कॅनडानं १९७७ चा दोन देशांतला पाइपलाइन करार पुढं केला. कंपनीला तळाखालून बोगदा काढून नळी त्यात घालायची आहे. बोगद्यात नांगर पोचणार नाही, हे मान्य. पण तो बांधून होईपर्यंत जुन्या नळ्या आहेत तिथंच, आहेत तशाच राहणार. आणि बोगदा एकदा झाला की पुढच्या कित्येक दशकांचं तेल त्यातून काढल्याशिवाय त्याचा खर्च निघणार नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचं वाटतं ते विस्कॉन्सिनमधलं बॅड रिव्हरचं प्रकरण. तिथं ओजिब्वे आदिवासींच्या राखीव जमिनीतून ही वाहिनी सुमारे १९ किलोमीटर जाते. जमिनीच्या काही तुकड्यांवरचा कंपनीचा हक्क २०१३ मध्ये संपला. जमातीच्या पंचायतीनं २०१७ मध्ये ठराव केला की नूतनीकरण नाही. कंपनी थांबली नाही. दरम्यान नदी काठ खात खात नळीच्या जवळ यायला लागली. २०२३ मध्ये संघराज्याच्या न्यायाधीशांनी कंपनीला अतिक्रमणाबद्दल पैसे भरायला सांगितले आणि त्या जमिनीतून वाहिनी काढायला तीन वर्षं दिली. जमातीला कोर्टात स्वतःची जागा होती, म्हणून हे झालं. बाई, तुम्ही खानापूरच्या. म्हादईच्या लवादापुढं कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र अशी तीन राज्यं उभी होती. ज्यांच्या रानातून कालवे जायचे, त्या कणकुंबीच्या माणसांना पक्षकार म्हणून खुर्ची नव्हती. काय राहून जातं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता घरं गरम करण्याचं. मिशिगनच्या उत्तर भागात पुष्कळ घरं प्रोपेनवर आहेत आणि त्यातलं बरंचसं याच वाहिनीच्या मालातून निघतं. ती घरं श्रीमंतांची नाहीत. उद्या सकाळी व्हॉल्व्ह फिरवला तर थंडीचा मार त्यांच्यावर पडेल, कंपनीवर नाही. म्हणून माझं मत असं : पाण्याखालच्या नळ्या बंद करण्याची तारीख ठरवावी आणि ती बोगद्याला बांधू नये. तारखेच्या आधीच्या उन्हाळ्यात प्रोपेनच्या टाक्या भरून ठेवाव्यात, रेल्वेनं माल आणण्याची सोय करावी, आणि गरीब घरांना दुसऱ्या इंधनावर जायला पैसे द्यावेत. तारीख नसेल तर यातलं काहीच कोणी करत नाही. बंद करणं अवघड आहे, हे वाक्य मग दरवर्षी खरं ठरत राहतं.

प्रश्न : माझा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. पाइपलाइन बंद झाली की तेल काय यायचं थांबतंय? ते टँकरनं येणार. पुणे-बेंगळूर हायवेवर टँकर उलटलेला आम्ही बघतो. मग पर्यावरणवाल्यांनी मिळवलं काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : तुमचा मुद्दा कंपनीही मांडते आणि तो पोकळ नाही. लाइन ५ चा सगळा माल रस्त्यानं न्यायचा ठरवला, तर रोज साडेआठ कोटी लिटर होतात. आपल्याकडचा वीस हजार लिटरचा टँकर धरा, रोजच्या चार हजारांहून जास्त खेपा झाल्या. लिटरमागं आणि किलोमीटरमागं हिशेब केला, तर पाइपलाइन रस्त्यापेक्षा सुरक्षित, हे मी नोकरीत असताना शिकलो आणि आजही मानतो.

पण दोन गोष्टी या हिशेबात येत नाहीत. टँकर उलटला तर वीस हजार लिटर सांडतं, एका जागी सांडतं, आणि ड्रायव्हरला, पोलिसांना, ढाब्यावाल्याला त्याच मिनिटाला कळतं. मार्शलला काय झालं ते वर सांगितलंच आहे. दुसरं, पर्याय फक्त टँकर नाही. सार्नियाला याच कंपनीची दुसरी वाहिनी, लाइन ७८, जाते. तिच्यात सगळा माल मावणार नाही, पण काही मावेल. काही रेल्वेनं जाईल, आणि काही तेल लागणारच नाही, कारण मोटारी बदलतायत. बंदी म्हणजे सगळा माल एका रात्रीत रस्त्यावर, हे चित्र लोकांना घाबरवायला सोयीचं आहे.

आणि तळ्याखालच्या सात किलोमीटरांबद्दलचा निर्णय म्हणजे सगळ्या पाइपलाइनींबद्दलचा निर्णय नव्हे. बेळगाव शहर राकसकोप आणि हिडकलचं पाणी पितं. हिडकलच्या जलाशयाच्या तळाशी तेलाची नळी टाकायची ठरली, तर निपाणीतला कुठला ट्रान्सपोर्टवाला तिच्या बाजूनं उभा राहील?

प्रश्न : आमच्या रानातनं गॅसची मोठी लाइन गेलीया. वडील असताना नोटीस आली होती, सगळी कन्नडमध्ये. त्यांना काही कळलं नाही, सही करून मोकळे झाले. आता मला त्याच पट्ट्यात हिर मारायची आहे आणि कडेनं काजू लावायचेत. चालंल का? आणि ही लाइन फुटली बिटली तर?
— एक शेतकरी, बेळगाव तालुका

उत्तर : भाऊ, नाही चालणार. विहीर नको आणि काजूही नकोत. दाभोळ-बेंगळूर गॅसवाहिनी २०१३ मध्ये सुरू झाली आणि ती बेळगाव जिल्ह्यातून जाते. अशा लाइनींना तेल-गॅसच्या वाहिन्यांसाठी केलेला १९६२ चा कायदा लागू आहे. त्या कायद्यात जमीन तुमच्याच नावावर राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. तुम्ही आधीसारखं पीक घेऊ शकता. पण त्या पट्ट्यात घर, विहीर, तळं, बंधारा किंवा झाड चालत नाही. झाडाची मुळं कोटिंग फोडतात, आणि विहिरीच्या खोदाईत यंत्राचा दात नळीला लागला तर पुढचं बोलायला नको. पट्ट्याची हद्द मोजून घ्या आणि तिच्या बाहेर विहीर घ्या. खणण्याआधी लाइनीच्या खुणेसाठी कंपनीनं लावलेल्या खांबावरच्या नंबरावर फोन करून त्यांचा माणूस बोलवा, मगच जेसीबी आणा.

मोबदल्याचं तपासा. वापराच्या हक्कापोटी अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम, आणि पिकाचं, झाडाचं नुकसान झालं असेल तर ते वेगळं. वडिलांच्या पासबुकात काय आलंय बघा. हरकत घ्यायला अधिसूचनेपासून २१ दिवस असतात, ते गेले. पण पुन्हा कधी खोदाई झाली, तर त्या नुकसानीचा मोबदला मागता येतो.

नोटिशीबद्दल मला राग आहे आणि तो मी इथं लिहितो. जिथं अल्पसंख्य भाषेचे लोक १५ टक्क्यांहून अधिक आहेत, तिथं महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत द्याव्यात, असं केंद्र सरकारनं १९५६ पासून मान्य केलेलं आहे. हा मानापमानाचा विषय म्हणून सोडून देऊ नका. रानात गॅसची नळी असलेल्या माणसाला धोक्याची पाटी वाचता आली पाहिजे. ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन तहसीलदारांकडं आणि कंपनीकडं लेखी मागणी करा : पाटी आणि सूचनापत्रक मराठीतही पाहिजे. पोच घ्या.

फुटण्याचं म्हणाल, तर २७ जून २०१४ ला आंध्रातल्या नगरम गावात गॅसवाहिनी फुटून आग लागली आणि वीसहून जास्त माणसं गेली. ओल्या गॅसमुळं नळी आतून गंजली होती. वास येतोय, असं गावकरी आधीपासून सांगत होते, अशा बातम्या तेव्हा आल्या.

तुमच्या लाइनीत मात्र वासावर अवलंबून राहू नका. मुख्य वाहिनीतल्या गॅसला घरच्या सिलिंडरसारखा वास असेलच असं नाही. शिट्टीसारखा आवाज, विनाकारण उडणारी माती, साचलेल्या पाण्यातले बुडबुडे, हिरव्या पिकात मध्येच वाळलेला पट्टा, यातलं काही दिसलं तर आधी लांब व्हा. वारा ज्या बाजूनं येतोय तिकडं सरका. मोटारपंप चालू करू नका आणि चालू असेल तर बंद करायलाही जाऊ नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. गाडी सुरू करू नका. पुरेसं लांब गेल्यावर खांबावरच्या नंबराला आणि ११२ ला फोन करा. तो नंबर आजच घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घाला, रानात काम करणाऱ्या बायकांच्याही.